सुबकतेचा दुराग्रह

जपानी चित्रकथेविषयीच्या चर्चेत एक विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते केवळ एक मत आहे, याचाच विसर पडावा. ‘वन’ हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकथाकाराने २००९ मध्ये महाजालावर स्वतःच प्रसिद्ध करायला घेतलेली ‘वन-पंच मॅन’ ही मालिका चित्रे वाईट असूनही लोकप्रिय झाली, आणि २०१२ पासून युसुके मुराता या सिद्धहस्त चित्रकाराने ती नव्याने रेखाटली तेव्हा तिला तिचे योग्य रूप लाभले, असे ते विधान. यातील ‘असूनही’ या एका शब्दात एक संपूर्ण सौंदर्यशास्त्र दडलेले आहे. आशय हा देह आणि अभिव्यक्ती हा त्यावरचा अंगरखा. अंगरखा फाटका निघाला तर बदलावा, देह तोच राहतो, अशी ही धारणा. कवितेच्या संदर्भात ती मांडण्याचे धाडस आज साहित्याचा विद्यार्थीही करणार नाही. चित्रकथेच्या बाबतीत मात्र जाणते अभ्यासकही ती निःशंकपणे बाळगतात. चित्रकथेला घाट असतो हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे. तो रेषेत असतो, एवढेच मान्य नाही.

मूळ मालिकेतील रेषा प्रत्यक्ष पाहावी. नायक सैतामा म्हणजे अंड्यासारखे गुळगुळीत डोके, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि तोंडाच्या जागी एक आडवी रेघ. त्याचा हात कोपरात नेमका कुठे वाकतो याविषयी खुद्द चित्रकारच साशंक असावा असे वाटते. परंतु समुद्रातून वर आलेले राक्षस, कोसळणाऱ्या इमारती, रस्त्यावरची बघी माणसे हे सारे याच बुजऱ्या, थरथरत्या रेषेत येते. परिणामी नगराचा विध्वंस आणि दुकानातील सवलतीचा दिवस यांना कागदावर एकच दर्जा मिळतो. सैतामा कोणत्याही शत्रूला एका ठोशात संपवतो आणि त्याला काहीही वाटत नाही. सवलतीचा दिवस हुकला तर हळहळ वाटते. या उदासीनतेचे निवेदन करण्याची गरजच पडत नाही, कारण ती चित्राच्या पोतातच आहे. जग जर एवढे सपाट असेल तर त्याला वाचवण्याच्या कृतीत थरार येणार कोठून?

हास्य शृंगाराच्या अनुकृतीतून निर्माण होते हे भरताचे सूत्र अभिनवगुप्ताने व्यापक केले: कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो. ‘वन’च्या रेखाटनात वीररस कधी सिद्धच होत नाही, पहिल्या रेघेपासून तो वीराभास असतो, आणि हसू येते ते वीरत्वाच्या रूढ साच्यालाच. मुराताच्या पृष्ठांवर प्रक्रिया उलटी घडते. तेथे राक्षसाचा प्रत्येक स्नायू, प्रत्येक खवला, उडणाऱ्या ढिगाऱ्यातील प्रत्येक दगड यथार्थदर्शनाच्या सर्व नियमांनिशी उभा राहतो. वाचक प्रथम खरोखरच दिपतो, मग ठोसा बसतो आणि त्या दिपण्याची फजिती होते. हे हास्य रसभंगाचे आहे. ते हलके नाही. मुराताच्या हाताची करामत नाकारणे हा करंटेपणा ठरेल. मात्र ती वेगळी कलाकृती आहे. कथानक, संवाद आणि प्रसंगांचा क्रम पुष्कळ अंशी समान असल्याने दोहोंना एकच मानणे म्हणजे गद्य अन्वयार्थाला कविता समजणे होय.

शिवाय मुराताने स्वतः काय केले तेही पाहण्यासारखे आहे. सारे विश्व तपशिलांनी भरून टाकल्यावर सैतामाचा चेहरा त्याने बहुतेक चौकटींत अंड्यासारखाच ठेवला. क्वचित गंभीर क्षणी तेवढा तो रेखीव होतो. जे मुराताला कळले ते त्याच्या स्तुतिपाठकांना कळलेले नाही. रोडॉल्फ टोप्फरने १८४५ मध्येच दाखवून दिले होते की कितीही कच्च्या हाताने काढलेला चेहरा काहीतरी भाव व्यक्त केल्यावाचून राहत नाही, आणि गॉम्ब्रिचने १९६० मध्ये ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये त्या निरीक्षणाला सैद्धांतिक वजन दिले. दोन ठिपके आणि एक रेघ ही पूर्ण चिन्हव्यवस्था आहे. तिला अपुरे शरीरशास्त्र समजून गुण देत बसणे हे कलाशाळेच्या परीक्षकाचे काम.

याच्या विरुद्ध टोकाला जाऊन ओबडधोबडपणाचाच जयजयकार करणारा एक पक्षही आहे. अशी चित्रे कोणीही काढू शकतो, म्हणून ती लोकशाहीची कला, असे त्याचे म्हणणे. हा कौतुकाच्या वेशातला अपमान आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेरुहिको युमुरा आणि ‘गारो’ मासिकाभोवतीच्या मंडळींनी ‘हेता-उमा’ची, म्हणजे बेंगरूळ तरीही कसबी अशा रेखाटनाची, जी रीत रूढ केली तिच्यात अनघडपणा ही जाणीवपूर्वक केलेली निवड होती. ‘वन’चा हात तसा सोंग करणारा नाही, तो खरोखरच अप्रशिक्षित दिसतो. पण चौकट कोठे तोडावी, ठोशाआधी किती चौकटी निःशब्द जाऊ द्याव्यात, राक्षसाचे आत्मचरित्रपर भाषण नेमके कोणत्या वाक्यावर कापावे, याचे त्याला असलेले भान कोणालाही जमणारे नव्हे.

इतिहासही येथे बोलका आहे. १९७९ मध्ये ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ‘किन्निकुमान’ सुरू झाली तेव्हा तिचे कर्ते योशिनोरी नाकाई आणि ताकाशी शिमादा यांनी विशीही गाठली नव्हती. त्यांचे ‘युदेतामागो’ हे जोडनाव म्हणजे ‘उकडलेले अंडे’. अल्ट्रामॅनची टवाळी करणारा एक बावळट महानायक कच्च्या, गबाळ्या रेषेत अवतरला. पुढे मालिका कुस्तीच्या स्पर्धांकडे वळली, रेषा भरदार झाली, आणि टवाळीची जागा शौर्याने घेतली. रेषा सुधारली म्हणून वीररस आला की वीररस आला म्हणून रेषा सुधारावी लागली, हा क्रम लावणे कठीण आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून आल्या एवढे नक्की.

ओबडधोबड रेषेला केवळ हसवता येते, हा यातला शेवटचा आणि सर्वांत चिवट समज. सागरराजाच्या प्रसंगात ‘मुमेन रायडर’ हा सायकलवरून फिरणारा, कनिष्ठ श्रेणीतला वीर आपण जिंकणार नाही हे ठाऊक असूनही पुन्हा पुन्हा उठून उभा राहतो. मूळ रेखाटनात त्याला सुंदर जखमाही मिळत नाहीत. डौलदार पराभवाची कोणतीही सोय त्या रेषेपाशी नाही. त्यानंतर सैतामा राक्षसाला एका ठोशात संपवतो आणि गर्दीतला एकजण हरलेल्या वीरांना निकम्मे ठरवू लागतो. तेव्हा तो टकला माणूस मोठ्याने हसतो आणि सांगतो, की इतरांनी त्याला आधीच दमवले होते, आपण केवळ आयत्या वेळी येऊन श्रेय उपटले. हे खोटे तो दोन ठिपक्यांच्या आणि एका रेघेच्या त्याच चेहऱ्याने बोलतो, आणि या वेळी वाचकाला हसू येत नाही.