आंग्र्यांच्या भाऊबंदकीचा दोषी कोण?

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ पाहणारी तरुण मंडळी हिरिरीने वाद घालतात : सिंहासनासाठी पेटलेल्या यादवीला रेनिरा जबाबदार की अ‍ॅलिसेंट? वाद जरूर घालावा. पण अलिबागच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्याचाही असाच एक खटला आहे, आणि तो काल्पनिक नाही.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, त्यांचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये. मग सेखोजींचे भाऊ संभाजी आणि मानाजी एकमेकांवर उठले. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेतली. १७३५ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली : कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा किताब मानाजींना, ‘सरखेल’ म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजींना. भांडण मिटलं नाही, सत्ता मात्र कायमची दुभंगली. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावरच चाल केली. पुढे १७५६ मध्ये संभाजींचे भाऊ आणि वारस तुळाजी यांचं आरमार इंग्रजांनी विजयदुर्गाला जाळलं, तेही नानासाहेब पेशव्यांशी हातमिळवणी करून.

कोणी संभाजींच्या हट्टाला दोष देतं, कोणी पेशव्यांच्या राजकारणाला. आमच्या मते वारशाचं भांडण त्या काळी घरोघरी होतं. तो गुन्हा नव्हे. पहिला दोष घरच्या तंट्यात परक्याला बोलावणाऱ्यांचा. त्याहून मोठा दोष, मराठ्यांचंच आरमार बुडवायला इंग्रजांना सोबत घेणाऱ्या नानासाहेब पेशव्यांचा.

हे पटत नसेल, तर पुराव्यानिशी लिहा. विरोधी मताला आम्ही आनंदाने जागा देऊ.