काळा रुपया घासू नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या बोरी बुद्रुकच्या एका बेवा बहिणीने मुलीच्या लग्नासाठी सासूकडून आलेले कलदार रुपये विकायला काढले. एकूण तेवीस. पुण्याला नेण्याआधी मुलांनी त्यातले बावीस चिंच आणि राखेने घासले, मग भांड्यांच्या पावडरीने पुन्हा घासले. "भाईजान, बघा, आरशासारखे झाले," म्हणत तिने गल्ल्यावर रुमाल उलगडला तेव्हा काय बोलावे मला सुचेना. पुण्याच्या व्यापाऱ्याने बावीस रुपयांचा नुसता चांदीचा भाव धरला. तेविसावा, एडवर्ड बादशहाचा, ट्रंकेत अंथरलेल्या कागदाखाली राहिला म्हणून वाचला होता. मध्ये तपकिरी, कडेला निळसर जांभळा. त्या एकट्याला चांदीच्या चौपट पैसे आले.

व्यापाऱ्याने तिला फसवले असे मी म्हणणार नाही. जुन्या नाण्यांच्या बाजाराची रीतच अशी आहे. तक्रार आपल्या घरांतल्या समजुतीची आहे, की काळे म्हणजे मळ आणि चकाकी म्हणजे किंमत.

माझा धंदा कापडाचा, नाण्यांचा नाही. पण चांदी काळी का पडते हे मला जरीने शिकवले. अस्सल जरीत चांदीची तार असते. ती साडी लोकरीत बांधून ठेवा, किंवा सल्फरच्या रंगात रंगवलेल्या काळ्या कापडात गुंडाळा, थोड्याच दिवसांत जर काळवंडते. लोकरीत आणि त्या रंगात गंधक असतो, हवेतही थोडा असतो, आणि चांदी त्याला धरते. रबर बँड लावलेल्या नाण्यावर काळी रेघ उमटते तीही यामुळेच. नाण्यावर हा थर फार पातळ असतो आणि जाडी वाढेल तसा रंग बदलतो. आधी पिवळसर, मग सोनेरी तपकिरी, मग लालसर जांभळा, निळा आणि शेवटी काळा. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी, म्हणून त्यावर हे रंग चांगले येतात. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यांची गोष्ट वेगळी.

आता ओळखायचे कसे? नाणे ट्यूबलाइटखाली बघू नका, दिवसा दारात किंवा खिडकीशी न्या. कडेला धरून हळूहळू तिरपे करा. नैसर्गिक रंग बहुधा कडेकडून आत सरकत आलेला असतो, एका रंगातून दुसरा हळूच निघतो, आणि रंगाखाली मूळ टाकसाळीची चमक फिरताना दिसते. घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर रेघा दिसतात, मैदान पांढरे फटक आणि अक्षरांच्या खाचेत मात्र जुना काळेपणा अडकलेला. मुद्दाम काळे केलेले नाणे याच्या उलट. दोन्ही बाजूंना सारखाच रंग, ओरखड्याच्या आतही तोच रंग, आणि कधी कधी गंधकाचा वास. ओरखडा जुना असून त्यावर रंग चढला असेही होते, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

सगळा काळेपणा चांगला, असेही नाही. थर फार जाड होऊन धातूला बारीक खड्डे पडले असतील तर रंग अस्सल असूनही ते नुकसानच. हारात घालण्यासाठी कडी डाग देऊन जोडली असेल तर ती काढल्यावरही डाग राहतो. सन १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया वाचकांना ऐकून माहीत असेल. बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमानांनी हरकत घेतली आणि १९१२ पासून नक्षी बदलली. त्याला आजही जास्त पैसे मिळतात. पण घरोघरी तो घासला गेला आणि ज्याच्यासाठी शौकीन पैसे मोजतो ते झग्यावरचे बारीक कामच सपाट झाले.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुश मराठ्यांचा, पण इबारत फारसी आणि नाव शाह आलमचे. ती वाचता येते ते खाचेत काळेपणा आणि उठावावर उजेड असतो म्हणून. पॉलिश केल्यावर सगळेच चकाकते आणि एक अक्षर लागत नाही.

तांब्याच्या शिवराईवर घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर त्याला हात लावू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग समजा. ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जुन्नर भागात सातवाहनांची शिशाची नाणीही मिळतात. त्यांच्यावर पांढरी पूड येते, आणि लाकडी कपाटातल्या आंबट वाफेने ती वाढते.

नांगराला लागलेले नाणे मात्र घरातल्या नाण्यासारखे नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले जुने धन कलेक्टरला कळवावे लागते. तेही धुऊन नेऊ नका. आमच्याच कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, त्याच्याबरोबर आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. राख पंचाहत्तर हजार वर्षांची की त्याहून फार जुनी, यावर विद्वान वर्षानुवर्षे भांडले. थर जागेवर होता म्हणून भांडता तरी आले.

हल्ली काही जण घासलेला रुपया गंधकाच्या धुरात धरून पुन्हा काळा करतात आणि "पुराना माल" म्हणून विकतात. अशा तिजारतीला माझा साफ विरोध आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढल्याचा हुजूरे अकरम (सल्ल.) यांचा वाकया आपल्या मुलांना मकतबमध्ये शिकवतात. घासलेले नाणे विकणे गुन्हा नाही. घासलेले आहे असे सांगून विका, गिऱ्हाईक हिशेब करील. मी ठाण फाटलेले असेल तर कटपीसच्या भावात देतो, रफू लपवून नाही.

मोबाइलवर जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून आधी फी मागणारे वेगळेच. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन असले लोक फिरतात म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते.

घरात नाणी असतील तर धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडात एकेक वेगळे बांधा. लोकर, रंगीत कागद, रबर आणि आमच्या दुकानात साडीला लावतो ती मऊ प्लास्टिकची पिशवी, यांपैकी काही नको. त्या बहिणीला मी मांजरपाटाचा एक तुकडा दिला. तिच्या नणंदेकडे अजून नऊ राणीछाप आहेत.