वैद्यकातून कारभाराकडे

३ ऑक्टोबर २०२३ रोजी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले. त्यापूर्वी तेथे चोवीस तासांत बारा नवजात अर्भकांसह चोवीस रुग्ण दगावले होते. लोकांचा संताप स्वाभाविक होता. परंतु त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न बाजूस पडला. आयुष्यभर रोगी तपासणाऱ्या डॉक्टरवर आपण रुग्णालय चालविण्याची जबाबदारी टाकतो, तेव्हा त्या कामासाठी त्याची तयारी कोण करून घेतो?

आपल्या सरकारी आरोग्यसेवेत शल्यकर्मात वा बालरोगचिकित्सेत उमेदीची वर्षे घालविलेला डॉक्टर पुढे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अधिष्ठाता होतो. काल ज्याच्या हाती स्टेथोस्कोप होता, त्याच्यापुढे आज निविदा, हजेरीपट, लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि सफाईची कंत्राटे येऊन पडतात. एक गोष्ट मिळविताना दुसऱ्या कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावे लागते, त्याला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. अशा बढतीत समाज एक अनुभवी चिकित्सक गमावतो आणि बदल्यात बहुधा एक नवखा कारभारी मिळवितो. म्हणजे तोटा दुहेरी!

मग रुग्णालये बिगरवैद्यकीय व्यवस्थापकांच्या हाती सोपवावीत काय? ब्रिटनमध्ये १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालाने राष्ट्रीय आरोग्यसेवेत सर्वसाधारण व्यवस्थापक नेमण्याची शिफारस केली. तथापि डॉक्टरांनीही व्यवस्थापनात अधिक सहभागी व्हावे, असे त्याच अहवालाने सुचविले होते. ते योग्यच होते. कारण रुग्णालयाचा बराचसा खर्च औषधाच्या चिठ्ठीवर ठरतो, आणि ती चिठ्ठी डॉक्टर लिहितो.

मात्र दोन्ही कामांची दृष्टी भिन्न आहे, हे विसरून चालणार नाही. चिकित्सकाने समोरच्या एका रोग्यासाठी शक्य ते सर्व करावयाचे असते; व्यवस्थापकाला तुटपुंजी साधने अनेकांत वाटून द्यावी लागतात. पहिली दृष्टी असलेल्या माणसात दुसरी दृष्टी केवळ बढतीच्या आदेशाने उत्पन्न होत नाही.

तमिळनाडूने हे पूर्वीच ओळखले. १९३९ च्या मद्रास सार्वजनिक आरोग्य कायद्याची परंपरा लाभलेल्या त्या राज्यात सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग आहे. औषधखरेदीसाठी १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळही स्थापन झाले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा संवर्ग उभारावा असे म्हटले, आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा झाला. परंतु खरेदीची यंत्रणा बदलली, तरी मागणी वेळेवर नोंदविणारा आणि साठ्याचा हिशेब ठेवणारा माणूस घडवावाच लागतो.

म्हणून तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. ज्या डॉक्टरास कारभाराची आवड आहे, त्याने तो मार्ग मध्यवयातच निवडावा आणि पदभारापूर्वी त्याला रीतसर शिक्षण मिळावे. ज्याला रोग्यांतच राहावयाचे आहे, त्याला खुर्ची न बदलता तेवढेच वेतन व तेवढाच मान लाभावा. आणि ज्याच्यावर जबाबदारी टाकावयाची, त्याला खर्चाचे व नेमणुकीचे पुरेसे अधिकार द्यावेत.

अधिकाराविना जबाबदारी देणे म्हणजे अपयशासाठी एक माणूस आधीच नेमून ठेवणे होय. त्याच्या हाती झाडू देऊन क्षणभर समाधान लाभेल. पण पुढच्या रात्री दाखल होणाऱ्या अर्भकाला त्याचा काय उपयोग?