क्षाराचा सामू आणि बफरची योग्य जोडी

पदवीनंतर वैद्याचा रसायनशास्त्राशी संबंध तुटतो, हे आपण मान्य केले पाहिजे. 23 जून 2000 च्या अधिसूचनेने 'शेड्यूल टी' आले आणि औषधशाळांत गुणनियंत्रण अनिवार्य झाले. पीएच मीटर आले. ते प्रमाणित करण्याचे ज्ञान मात्र मागे राहिले.

आमचाच अनुभव सांगतो. वाशिम जिल्ह्यातील आमच्या छोट्या औषधशाळेत अपामार्गक्षाराच्या द्रावणाचा सामू एकदा अर्ध्या अंकाने कमी दिसला. क्षार सौम्य समजून आम्ही तो क्षारसूत्रासाठी वापरला आणि भगंदराच्या रुग्णास नेहमीपेक्षा अधिक दाह सोसावा लागला. शोध घेता कळले की मीटर केवळ 7 च्या बफरवर जुळवलेला होता. तेथे तो अचूक होता. 10 च्या पुढे मात्र चुकत होता. अर्धा अंक क्षुल्लक नव्हे. हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात तो तिपटीहून अधिक फरक असतो.

म्हणून ज्या मापाचे औषध, त्याच मापाजवळचे बफर हवे. सौम्य आम्ल व त्याची संयुग्मी आम्लारी निवडताना आम्लाचा पीकेए इच्छित सामूपासून एका अंकाच्या आत असावा. एका अंकाच्या अंतरावर दोन घटकांचे प्रमाण 1:10 होते. त्यापुढे उणा घटक इतका अल्प उरतो की बाहेरून आलेले आम्ल वा अल्कली द्रावणास सोसवत नाही. आम्लधर्मी आसवारिष्टांजवळ ॲसेटिक आम्ल व सोडियम ॲसिटेट (4.76), उदासीन द्रवांजवळ फॉस्फेटांची जोडी (7.20) आणि क्षारांजवळ बायकार्बोनेट व कार्बोनेट (10.33) योग्य ठरतात.

आपले टंकण तर एकटेच जोडीचे काम करते. पाण्यात विरघळताच त्यातून बोरिक आम्ल व बोरेट जवळजवळ समप्रमाणात निर्माण होतात. शुद्ध बोरॅक्सच्या 0.01 मोलर द्रावणाचा, म्हणजे लिटरमागे 3.81 ग्रॅमचा, सामू 25 अंश सेल्सिअसला 9.18 असतो. बाजारातील टंकण यासाठी चालत नाही; लाही केलेले तर नाहीच, कारण त्यातील पाणी उडाल्याने वजनाचा हिशेब चुकतो.

आपल्याकडील उन्हाळाही विसरू नये. 40 अंशांस हाच आकडा 9.07 होतो आणि कार्बोनेट बफरचा 10.01 वरून 9.89 वर उतरतो. म्हणून तापमान नोंदवूनच मीटर जुळवावा. कार्बोनेट बफर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते. त्याची बाटली घट्ट बंद ठेवावी.

प्रत्येक लहान औषधशाळेस हा खर्च झेपेलच असे नाही. आपल्या संघटनेने 4, 7 व 10 ची प्रमाणित बफरे एकत्रित खरेदी करून वाशिम व कारंजा येथे सभासदांस उपलब्ध करावीत, अशी आमची सूचना आहे. क्षार हे शस्त्रासमान आहे. त्याची धार मोजणारे साधनच खोटे असेल, तर दोष शास्त्राला नव्हे, आपल्यालाच लागेल.