वहीतले गुण

पहाटे नाटकावरून घरी आलो. चहाचा कप हातात घेताच लेकीने विचारले, "अम्मी, चाळीसपैकी किती?"

तिला माझी वही ठाऊक आहे. पाहिलेले नाटक, ऐकलेला मुशायरा, वाचलेली कादंबरी, सगळ्यांना मी गुण देते. भाषा, मांडणी, सादरीकरण, मनावरचा परिणाम असे चार रकाने, प्रत्येकाला दहा गुण. शिक्षकाची खोड, दुसरे काय! पेपर तपासून संपले तरी लाल पेन खाली ठेववत नाही.

अर्थात हा उद्योग माझ्याआधी मोठ्या माणसांनीही केला आहे. फ्रान्सच्या रोजे द पील या कलासमीक्षकाने १७०८ साली नामवंत चित्रकारांचा असाच तक्ता छापला. रचना, रेखाटन, रंग आणि भावदर्शन, प्रत्येकी वीसपैकी गुण. राफाएल आणि रूबेन्स यांची बेरीज सारखीच, ६५. मायकेलअँजेलोला रंगात ४. आणि काराव्हाज्जोला भावदर्शनात चक्क शून्य! आज त्याच काराव्हाज्जोच्या चित्रांपुढे लोक थबकून उभे राहतात. हे वाचून मी आधी हसले. मग स्वतःची वही चाळली आणि हसू मावळले.

मुशायऱ्यांना तीसच्या खाली क्वचितच. झाडीपट्टीच्या नाटकांना १६, १८, फार तर २०. एका मुशायऱ्याला मी ३४ दिले होते. पण त्याच पानावर खाली लिहिले होते, 'मुले पेंगली, अर्ध्यावर उठलो.' ज्या नाटकाला १७ दिले, ते मात्र थंडीत कुडकुडत उजाडेपर्यंत पाहिले होते. गुण कापले ते भाषेत. शेरा होता, 'बोली अशुद्ध.'

उर्दू आमच्या घरची. शायराचा शेर कच्चा असला तरी तरन्नुम गोड म्हणून मी दाद देऊन मोकळी होते. झाडीबोली मात्र माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरची, आणि तिच्याखाली मी रोज लाल रेघ ओढते. एका मुलाने निबंधात नाटकातल्या विनोदी पात्राचे बोलणे जसेच्या तसे लिहिले होते. मी त्याचे तीन गुण कापले. पुढचे सगळे निबंध त्याने पुस्तकी भाषेत लिहिले. शुद्ध, आणि अगदी निर्जीव.

स्वतः घेताना पुरेपूर माप घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरणारे, यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. आजवर मला तो किराणा दुकानदारांसाठीच वाटत होता.

आमच्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग, सुमारे आठशे भूमिका. धान कापून झाले की शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने वडशाच्या कंपन्या गावोगाव येतात, आणि दिवसभर राबलेली माणसे रात्रभर मांडवात बसतात. या माणसांना जागे ठेवणे सोपे नाही. माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

आता वही बदलली आहे. भाषेचा प्रश्न एवढाच, की पात्र ज्या गावचे, त्या गावचे बोलते का? गुण पंधरा दिवसांनी द्यायचे, आणि आधी काय आठवते ते लिहायचे. एक रकाना नवा आहे, त्यात सवलत नाही. कुणाच्या रंगावर, गरिबीवर, जातीवर किंवा दाढीवर हसवले असेल, तर दहाच्या दहा गेले. झाडीपट्टीचेही आणि मुशायऱ्याचेही. मुशायऱ्यातही बायकोवरचे विनोद काही कमी नसतात.

त्या मुलाचा जुना निबंध मी मागून घेतला आणि तीन गुण परत दिले. तो म्हणाला, "मॅडम, आता निकाल लागून गेला ना?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

लेकीला म्हटले, "पंधरा दिवसांनी विचार." तिला तेवढा धीर कुठला! तिने स्वतःच ३२ देऊन टाकले. आठ गुण कापले, कारण माईक सारखा किंचाळत होता.