विश्लेषण : अटाकामाच्या खारतळ्यांत सनस्क्रीन लावून का उतरू नये? पर्यटक आणि लिथियम, कोणाचा भार जास्त?

दक्षिण अमेरिकेतील चिलीच्या उत्तरेला असलेले अटाकामा हे जगातील सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक. तिथल्या निळ्याशार खारतळ्यांत पाण्यावर आपोआप तरंगणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर सतत दिसतात. पण ही तळी जितकी देखणी, तितकीच नाजूक आहेत. तिथे जाताना कोणती काळजी घ्यावी आणि या तळ्यांना खरा धोका कशाचा आहे, याचा आढावा.

ही तळी कुठे आणि कशी तयार झाली?

सान पेद्रो दे अटाकामा या गावाच्या दक्षिणेला ‘सालार दे अटाकामा’ हे सुमारे ३ हजार चौरस किलोमीटरचे मिठाचे मैदान आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण २,३०० मीटर. अँडीज पर्वतावरचे पाणी जमिनीखालून या मैदानाकडे येते. मैदानाच्या पोटात अतिशय खारे, जड पाणी असते. गोडे पाणी हलके असल्याने त्याच्याखाली जाऊ शकत नाही. ते कडेने वर येते आणि तळी तयार होतात. कडक उन्हात पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. हे पाणी इतके दाट होते, की त्यात माणूस बुडत नाही.

सनस्क्रीनला मनाई कशासाठी?

या खोऱ्यातून एकही नदी समुद्राकडे जात नाही. आत आलेले पाणी फक्त वाफ होऊन बाहेर पडते. त्यामुळे अंगावरचे क्रीम, तेल किंवा साबण एकदा पाण्यात मिसळला की वाहून जायला वाटच नसते. दिवसाला काही थेंब, असे शेकडो पर्यटकांचे मिळून वर्षभरात किती होतील, याचा हिशेब अवघड नाही. म्हणून उन्हापासून बचावासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी हा चांगला पर्याय.

काठावर चालण्याबाबतही नियम आहेत. मिठाचा पांढरा थर निर्जीव वाटतो, पण काही तळ्यांच्या काठावर सूक्ष्मजीवांचे थर वाढत असतात. अशा जीवांचे पृथ्वीवरील अस्तित्व अब्जावधी वर्षांपूर्वीपासून आहे. बुटाच्या एका पावलाने ते मोडतात आणि पुन्हा वाढायला फार काळ लागतो. त्यामुळे आखलेली पायवाट सोडायची नाही.

सगळ्याच तळ्यांत पोहता येते का?

नाही. बाल्टिनाचे येथील सात तळ्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या तळ्यातच उतरण्याची मुभा आहे. सेहार तळ्यात पोहणे बंद असून शेजारच्या पिएद्रा तळ्यात उतरता येते. चाक्सा तळे तर केवळ पाहण्यासाठी आहे. तिथे रोहित म्हणजे फ्लेमिंगो चरतात. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहितांचे हे दूरचे भाऊबंद. जगातील सहापैकी तीन प्रजाती या भागात आढळतात. ड्रोन किंवा आरडाओरड्याने थवा उडाला, तर त्यांचे चरणे थांबते.

यातील अनेक ठिकाणांची व्यवस्था स्थानिक लिकानान्ताय आदिवासी समुदाय पाहतात. तिकिटाचा पैसा त्यांच्याकडे जातो. त्यामुळे अधिकृत प्रवेशद्वारातून जाणे हाही पर्यावरणाला हातभारच ठरतो. अंगावरचे मीठ धुताना गोडे पाणी मात्र जपूनच वापरावे. या गावांत तेच सर्वांत महाग आहे.

लिथियमचा संबंध काय?

मोबाइल आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीत लागणारे लिथियम याच मैदानाखालच्या खाऱ्या पाण्यात आहे. हे पाणी उपसून मोठ्या वाफ्यांत वर्ष-दीड वर्ष वाळवले जाते. लिथियम उत्पादनात चिली जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. सरकारी कंपनी ‘कोडेल्को’ आणि खासगी ‘एसक्यूएम’ यांनी २०२४ मध्ये केलेल्या करारानुसार येथील उत्खनन २०६० पर्यंत चालणार आहे.

खारे पाणी उपसल्याने कडेच्या तळ्यांवर किती परिणाम होतो, यावर कंपन्या आणि स्थानिक समुदाय यांच्यात जुना वाद आहे. २०२२ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’ या नियतकालिकातील अभ्यासात, या मैदानातील रोहितांच्या दोन प्रजातींची संख्या ११ वर्षांत १० ते १२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

भारतही या शर्यतीत आहे. ‘काबिल’ या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात पाच लिथियम क्षेत्रांसाठी करार केला.

मग जावे की नाही?

मुंबई ते सान्तियागो हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १६ हजार किलोमीटर. भारतात दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन साधारण दोन टन आहे; जाऊन-येऊनच्या विमानप्रवासात एका प्रवाशाच्या वाट्याला त्याहून जास्त येते. त्यामुळे जायचेच असेल तर दोन दिवसांची धावती सहल टाळून, एकाच फेरीत जास्त दिवस राहणे बरे.

आणि न जाणाऱ्यांचाही या तळ्यांशी संबंध आहेच. चालू फोन आणखी दोन वर्षे वापरणे आणि जुनी बॅटरी भंगारात न टाकता पुनर्वापरासाठी देणे, या दोन गोष्टी घरबसल्या करता येतात.