बुद्धांच्या नावाचा ट्रॅक आणि भूमिहीनांचा हिशेब

उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, दनकौर परिसरात, दिल्लीहून आग्र्याकडे जाणाऱ्या यमुना एक्स्प्रेस वेच्या कडेला मोटारींच्या शर्यतीचा एक ट्रॅक उभा आहे. त्याचे नाव 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट'. तथागतांच्या नावाने ओळखला जाणारा हा ट्रॅक गेली अनेक वर्षे कधी बातम्यांत असतो, कधी विस्मृतीत. आज त्या जमिनीचा धनी कोण हा प्रश्न न्यायालये, प्राधिकरण आणि सावकार बँका यांच्यात फिरतो आहे. अशा वेळी आंबेडकरी चळवळीने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या भूमिहीनाचा हिशेब कोणी केला काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हा ट्रॅक जर्मनीचे वास्तुरचनाकार हर्मन टिल्के यांनी आखला. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यानंतर गाड्या उजवीकडे वळून चढणीला लागतात, तिसऱ्या वळणावरून बाहेर पडल्या की एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता मिळतो आणि तेथे त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. एका गाडीला दुसरीला मागे टाकता यावे म्हणून वळणांची तोंडे मुद्दाम रुंद ठेवली आहेत. दहाव्या-अकराव्या वळणांपाशी वाडग्याच्या कडेसारखा लांबलचक फेरा आहे. यमुनेचे हे खोरे म्हणजे तळहातासारखी सपाट जमीन. तेथे नैसर्गिक चढउतार नव्हते. लाखो टन माती हलवून ते तयार केले गेले. सुमारे पावणेनऊशे एकरांवर, सुमारे दोन हजार कोटी रुपये खर्चून आणि लाखभर प्रेक्षकांची सोय करून ही वास्तू उभी राहिली.

१८ ऑक्टोबर २०११ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ६० फेऱ्यांची ती शर्यत सेबॅस्टियन वेटेल याने जिंकली आणि तत्कालीन मुख्यमंत्री मायावती यांच्या हस्ते त्याला चषक मिळाला. २०१२ व २०१३ मध्येही तोच जिंकला. पुढे करांचे वाद निघाले, वेळापत्रक बदलले आणि २०१३ नंतर फॉर्म्युला वन तेथे आलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारसायकलींची मोटोजीपी शर्यत झाली, पण २०२४ ची रद्द झाली. म्हणजे ज्या कारणासाठी हा ट्रॅक बांधला, ते कारण उणीपुरी तीन वर्षे टिकले. शेतातली माती मात्र कायमची गेली.

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. २०११ साली मनुवादी प्रसारमाध्यमांनी बहनजींच्या सरकारवर जी टीका केली, तिच्यात सामील होण्याची आमची इच्छा नाही. १४ ऑक्टोबर २०११ रोजी, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, नोएडात राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ खुले झाले तेव्हा याच माध्यमांनी खर्चाचे आकडे मोजून आकांत मांडला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी त्याच जिल्ह्यात मोटारींचा ट्रॅक खुला झाला, तेव्हा तीच माध्यमे देशाची मान उंचावली म्हणून नाचू लागली. बाबासाहेबांचे स्मारक म्हणजे उधळपट्टी आणि श्रीमंतांच्या गाड्यांची शर्यत म्हणजे विकास, हा न्याय कोणत्या स्मृतीतला आहे हे आमच्या वाचकांना सांगावे लागत नाही.

पण शत्रू खोटे बोलतो म्हणून आपण स्वतःला प्रश्न विचारायचे नाहीत, असे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवलेले नाही. नावाची किंमत आमच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत या समाजाने घरे जळताना पाहिली, माणसे गमावली. ते नाव आम्ही पाटीसाठी मागितले नव्हते. शिक्षणाच्या दारावर आमचा हक्क आहे, हे त्या नावातून सांगायचे होते. मग ज्या वास्तूवर बुद्धांचे नाव आहे, तिच्या पायाखाली कोणाचा हक्क गाडला गेला, हे विचारणे आमचे कर्तव्य ठरते.

या पट्ट्यातील जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या. हा इंग्रजांचा कायदा. त्यातील कलम ५-अ खातेदाराला हरकत घेण्याचा आणि सुनावणीचा हक्क देत असे. कलम १७ मात्र 'तातडी' दाखवून तो हक्क काढून घेण्याची मुभा सरकारला देत असे. धरणफुटी किंवा पुराच्या प्रसंगी अशी तातडी आम्ही समजू शकतो. पण ग्रेटर नोएडातील अनेक गावांत घरबांधणीसाठी आणि उद्योगासाठीही हेच कलम वापरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०१० रोजी यमुना एक्स्प्रेस वेसाठीचे संपादन वैध ठरवले हे खरे. परंतु त्याच न्यायालयाने ६ जुलै २०११ रोजी ग्रेटर नोएडातील शाहबेरी गावच्या १५६ हेक्टरांचे संपादन रद्द झाल्याचा निर्णय कायम केला आणि प्राधिकरणावर दहा लाखांचा खर्च बसवला. त्याआधी ७ मे २०११ रोजी भट्टा-पारसौल येथे शेतकरी व पोलीस यांच्यात संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसे मेली होती.

खातेदार संघटित झाला, रस्त्यावर उतरला, न्यायालयात गेला आणि त्याला काही ना काही मिळाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २१ ऑक्टोबर २०११ रोजी नोएडा व ग्रेटर नोएडाच्या शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि विकसित जमिनीत हिस्सा देण्याचा आदेश दिला. २०१४ मध्ये राज्य सरकारने शासनादेश काढून हा वाढीव मोबदला यमुना एक्स्प्रेस वे प्राधिकरणाच्या क्षेत्रातही लागू केला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो शासनादेश वैध ठरवला. शेतकऱ्याला हे मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे.

पण खातेदार म्हणजे कोण? या पट्ट्यात जमिनीची खाती प्रामुख्याने गुज्जर, जाट, ठाकूर या जातींच्या नावावर. त्यांच्या शेतात नांगर धरणारा, ऊस तोडणारा, गव्हाची कापणी करणारा, बांधावरच्या गवतावर एखादी म्हैस पाळणारा आमचा जाटव-वाल्मीकी बांधव कोणत्याही खात्यावर नाही. १८९४ च्या कायद्यात नुकसानभरपाई 'हितसंबंधी व्यक्ती'ला मिळत असे. मजुराचे त्या जमिनीत कायद्याच्या भाषेत हितच नव्हते. त्यामुळे त्याला नोटीस नाही, सुनावणी नाही, मोबदला नाही आणि वाढीव मोबदलाही नाही. शून्याचे ६४.७ टक्के म्हणजे शून्यच.

आता याच ट्रॅकबाबतचा दुसरा निकाल पाहा. फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क असलेल्या परदेशी कंपनीचे म्हणणे होते की आमचे भारतात काहीच कायम नाही, वर्षातून चार दिवस येतो आणि जातो, सबब कर नाही. २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि बुद्ध सर्किट ही त्या कंपनीची भारतातील 'स्थायी आस्थापना' असल्याचा निर्णय दिला. निकाल योग्यच होता. परंतु वकिलीच्या पेशात वर्षे घालवलेल्या आम्हाला त्यात एक विसंगती टोचते. वर्षातले चार दिवस येणाऱ्याचे अस्तित्व कायद्याला 'स्थायी' दिसले आणि कर वसूल करण्यापुरते पक्के मोजता आले. त्याच जमिनीवर ज्याचे आजा-पणजा राबून मातीत गेले, त्याचे अस्तित्व मात्र कायद्याला दिसलेच नाही. दोष न्यायाधीशांचा नाही. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनी कायदा लिहिला, म्हणून कायद्याला फक्त जमीन दिसते, श्रम दिसत नाहीत.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले. १९४७ साली राज्यघटनेसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक कसण्यासाठी द्यावी, अशी मांडणी केली. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही असा गाव त्यांना हवा होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे लढे उभारले आणि लाखोंनी तुरुंग भरले. ही आमची परंपरा आहे. बहुजनांच्या नावाने आलेल्या सरकारने जमीन शेतकऱ्याकडून घेऊन कंपनीकडे दिली आणि भूमिहीन होता तिथेच राहिला, तर ही परंपरा पुढे गेली असे आम्ही कसे म्हणावे?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही चूक बऱ्याच अंशी दुरुस्त केली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यात, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणारा आणि त्यावरच पोट असलेला शेतमजूर, कूळ, कारागीर यांचे कुटुंबही 'बाधित कुटुंब' ठरते. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक ठरले आणि तातडीच्या कलमाला संरक्षण व नैसर्गिक आपत्ती यांपुरता लगाम बसला. पण बुद्ध सर्किटची जमीन त्याआधीच गेली होती. शिवाय महाराष्ट्रासह काही राज्यांनी पुढे दुरुस्त्या करून अनेक प्रकल्पांना या मूल्यमापनातून सूट दिली. भूमिहीनाची मोजणी ज्या टप्प्यावर होते, नेमका तोच टप्पा वगळला गेला, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावे.

यमुना प्राधिकरणाने २०२० मध्ये थकबाकीपोटी ट्रॅकसह एक हजार हेक्टरांचे वाटप रद्द केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कारवाई कायम केली. मूळ कंपनीविरुद्ध जून २०२४ पासून दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. तेथे बँकांचे दावे मोजले गेले, घरखरेदीदारांचे मोजले गेले, प्राधिकरणाचेही मोजले गेले. भूमिहीनाचा दावा दाखल करायला रकानाच नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या जमिनीचा कारभार पुढे कोणाच्याही हाती जावो, त्याआधी संपादित गावांतील भूमिहीन कुटुंबांची यादी करा. २०१३ च्या कायद्यातील 'बाधित कुटुंबा'ची कसोटी त्यांना लावा. कायद्यात मागे जाता येत नाही, ही सबब आम्हाला सांगू नका. खातेदारांसाठी २०१४ मध्ये मागे जाऊन शासनादेश काढता आला आणि तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. तसाच शासनादेश भूमिहीनांसाठीही काढता येतो. ट्रॅकच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा त्यांच्या घरांसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवा.

महाराष्ट्रातील आमच्या कार्यकर्त्यांनीही आपल्या तालुक्यात संपादनाची अधिसूचना निघाली की पहिल्याच दिवशी भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि भूमिहीन बाधितांची यादी मागावी. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

तथागतांनी सम्यक् आजीविका सांगितली. ज्याची आजीविका हिरावली, त्याची नोंदसुद्धा न ठेवणाऱ्या वास्तूवर त्यांचे नाव शोभत नाही. ते नाव काढा असे आम्ही म्हणत नाही. त्या नावाला शोभेल असे वागा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जयभीम!